काचेची मान आणि घोंगडीचा कोपरा

बंगळूरहून लोक संभाजीनगरला येतात ते वेरूळची लेणी बघायला. मी गेले ती काचेच्या एका मानेसाठी. बरोबर स्टीलचा डबा होता, डब्यात कापूस, कापसात प्लास्टिकची डबी आणि डबीत नखाएवढी एक चिप. रेल्वेत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. समोरच्या बाईंना वाटलं, लाडू असावेत. उतरताना त्यांनी विचारलंच, "घरच्यांसाठी नेताय वाटतं?" मी हो म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं.

मी लासूर स्टेशनजवळच्या एका वाडीतली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दहावी लासूरला झाली, एमएस्सी संभाजीनगरला, आणि आता बंगळूरला संशोधन करते. घरात पदवी घेतलेली मीच पहिली. इथवर येताना किती जणांनी हात दिला याची मोजदाद मला करता येणार नाही. त्यातल्याच एका हाताकडे मी निघाले होते.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या चिपवर केसाहून बारीक अशी एक वाट कोरलेली असते. त्या वाटेनं प्रकाश वाहतो, शेताच्या पाटातून पाणी वाहतं तसा. पाटाच्या कडेला जसा ओलावा असतो, तसा या वाटेबाहेरही थोडा प्रकाश झिरपतो. त्या कडेवर आम्हाला रुबिडियम नावाच्या धातूची वाफ उभी करायची असते. कारण असं, की प्रकाशाचे दोन किरण एकमेकांना ओळखत नाहीत. समोरासमोर आले तरी आरपार निघून जातात. मध्ये रुबिडियमचा अणू असला तर मात्र तो दोघांकडून थोडं थोडं घेतो आणि तिसऱ्याच रंगाचा प्रकाश देतो. दोन लाल घेऊन निळा. मोठ्या टेबलावर हे करायला बराच जोरदार प्रकाश लागतो. पाटात कोंडलेला प्रकाश थोडा असला तरी पुरतो. पुढेमागे यातून खिशात मावतील अशी अचूक घड्याळं आणि मोजमापाची साधनं होतील, अशी आशा आहे.

वाफ कोंडायला चिपवर काचेची छोटी टोपी चिकटवायची, टोपीला वर नळी ठेवायची, त्या नळीतून हवा काढायची, रुबिडियम आत सोडायचं आणि शेवटी नळीची मान ज्योतीवर वितळवून बंद करायची. अडचण या शेवटच्या पायरीला होती. ज्योतीची आच काचेतून खाली उतरायची, डिंकाचा जोड सुटायचा आणि हवा आत शिरायची. रुबिडियमला हवा सोसत नाही. डोळ्यांदेखत त्याची पांढरी भुकटी व्हायची. परदेशातून चार चिप बनवून आल्या होत्या, त्यातल्या तीन माझ्या हातून अशा गेल्या. आमच्याकडचे काचकाम करणारे गृहस्थ निवृत्त झालेत आणि त्यांची जागा रिकामी आहे. सर म्हणाले, "चौथी गेली तर मनाला लावून घेऊ नकोस. आपण नुसत्या गणिताचा विषय घेऊ." चांगल्या मनानंच म्हणाले. पण तीन वर्षं ज्या निळ्या ठिपक्यासाठी घालवली, तो एकदाही न बघता विषय सोडायचा, हे मला पचत नव्हतं.

तेव्हा मला शफीचाचा आठवले.

सोमवार, खुलताबाद

एमएस्सीला असताना माझ्या हातून शेजारच्या रसायनशास्त्र विभागाचा काचेचा कंडेन्सर फुटला होता. मी जिन्यात रडत बसले होते. विभागाच्या काचकामाच्या खोलीत काम करणाऱ्या शफीचाचांनी तुकडे उचलून नेले आणि संध्याकाळी अखंड कंडेन्सर माझ्या हातात दिला. कुणाला काही सांगितलं नाही. आता ते निवृत्त होऊन खुलताबादला घरीच असतात, एवढं कळलं होतं.

स्टेशनवरून थेट बसस्टँड गाठला. जानेवारीची सकाळ होती. दौलताबादचा किल्ला मागं टाकून बस घाट चढायला लागली, तशी खिडकीतून थंडी आत आली. बंगळूरला बाराही महिने हवा मऊ असते. ही आमची थंडी कोरडी, ओठ फाडणारी. मला बरं वाटलं.

वेशीच्या आत, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटलेल्या गल्लीत चाचांचं घर आहे. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते कानटोपी घालून बसले होते.

"चाचा, मी मनीषा. एमएस्सीला होते. तुम्ही माझा कंडेन्सर जोडून दिला होता."

"हजारों कंडेन्सर जोड्या, बेटा. तोडनेवालों की शकलां कोण याद रखता?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अभी क्या तोडके लाई?"

मी बंगळूरला निकामी झालेल्या तिन्ही टोप्या समोर ठेवल्या. त्यांनी एकेक उचलली, नखानं वाजवली, मग गॉगलच्या दोन काचांमध्ये धरून उजेडात बघितली. काचेत ताण असला की त्या काचांमधून रंगीत पट्टे दिसतात. मलाही दाखवले. माझ्या टोप्यांमध्ये अख्खं इंद्रधनुष्य होतं.

"बंगलोर में रहती, और मान के वास्ते खुलताबाद कू आई. उधर के लोगां फूंक मारना भूल गए क्या?"

"निवृत्त झाले, चाचा."

"मैं क्या नवा भरती हुआ?" ते हसले. मग माझा कागद बाजूला सारून त्यांनी खडूनं फरशीवर मान काढली. माझ्या मानेच्या तिप्पट लांब, आणि मध्येच बारीक होत गेलेली. "तुझी मान लई आखूड. आग सीधी उतरके घर में घुसती. आग कू पैदल चला. लंबा रस्ता दे. चलते चलते थक जाएगी."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. माझ्या आकडेमोडीतही तेच होतं, फक्त इतकं सोपं नव्हतं.

ज्योत पेटली की चाचा बोलत नाहीत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत. मी दोनदा 'थोडी अजून बारीक' म्हणायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी डावा हात वर केला. दुपारपर्यंत दोन टोप्या तयार झाल्या. "एक खेलने कू, एक असली," असं म्हणत त्यांनी त्या भट्टीत ठेवल्या आणि झाकण लावलं. मी घड्याळ बघितलं, ते त्यांना दिसलं.

"कल आ. काँच कू नींद लगती. कच्ची नींद में उठाई तो चिडती, मग कधी तडकेल, भरोसा नाही."

चाचींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. नातवाला पाठवून नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, मागवला. नान ताटाबाहेर लोंबत होता. बंगळूरच्या मेसमध्ये सांबार खाऊन माझी जीभ इतकी सरावली आहे की पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. चाची म्हणाल्या, "तिखट लागलं का गं? आपल्याकडचीच ना तू?" मी नाक ओढत हो म्हणाले.

रात्री संभाजीनगरला मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. दुसऱ्या दिवशी परत घाट चढले. टोप्या आता गॉगलच्या काचांमध्ये अगदी रंगहीन दिसत होत्या. टोपीची कड चिपवर तंतोतंत बसावी म्हणून ती जाड काचेवर वाळूच्या चिखलात घासायची असते. ते काम चाचांनी मला दिलं. मी इंग्रजी आठचे आकडे काढत तीन तास घासलं. शेवटी त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि होकाराची मान हलवली. एखाद्या परीक्षेचा निकाल मी इतक्या धडधडत्या छातीनं ऐकला नसेल.

बुधवार, लासूर स्टेशन

डिंक लावल्यावर टोपी एक दिवस जराही हलता कामा नये. तो दिवस घरीच काढायचा ठरवलं. लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली होती. त्यातून वाट काढत माझे वडील, आबा, मोटारसायकलवर घ्यायला आले, खांद्यावर घोंगडी टाकून.

घरी गेल्या गेल्या मी दार लावून चिपवर असली टोपी बसवली. आधी वाया गेलेल्यांपैकी एक चिपही बरोबर आणली होती, तिच्यावर सरावाची, 'खेळायची' टोपी बसवली. दोन्ही डब्यात ठेवून डबा फडताळात ठेवला. माय हंडा घासत होती. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड, की महिन्याभरात हंड्यावर पांढरा थर चढतो. मग माय चिंच घेऊन बसते.

"ते डब्यात काय हाय म्हणायचं?" तिनं विचारलं.

"हात नको लावूस, माय. डिंक वाळतोय."

"मी कशाला लावू?" असं म्हणून तिनं फडताळापुढं टोपली उभी केली, टोपलीपुढं पाट, आणि कोंबड्या हाकलून दिल्या. दिवसभर ज्याला त्याला सांगत होती, "तिकडं नका जाऊ, मनूचा डिंक वाळतोय."

संध्याकाळी मेंढरं वाड्यात कोंडून आबा हुरड्याच्या आगटीपाशी बसले. मी त्यांना माझं काम पहिल्यांदाच नीट सांगितलं. तीन वर्षं ते फक्त 'बंगळूरला उजेडाचं शिकती' असं सांगत होते.

"म्हंजी दोन तांबडे दिवे लावले की निळा पडतो?"

"व्हय. पण मधी वाफ पायजे."

"आन् वाफ नसली तर?"

"तर दोघं एकमेकाकडं न बघता निघून जातात."

"शहरातल्या शेजाऱ्यांवानी," आबा म्हणाले. मग आगटी उकरत म्हणाले, "पण तांबड्यातून निळा निघतो कसा?"

मी समोरच्या माळवदाला लावलेली शिडी दाखवली. "अणू खाली उभा असतो. एक तांबडा आला की एक पायरी चढतो. दुसरा आला की दुसरी. उतरताना मात्र तो त्याच पायऱ्यांनी येत नाही. आधी इकडच्या बाजूला थोडा सरकतो आणि तिथून एकदम खाली उडी मारतो. उडी मोठी, म्हणून रंग निळा."

"करडू असंच करतं," आबा म्हणाले. "चढतं दमानं, उतरतं उडी मारून." मग हुरडा चोळता चोळता त्यांनी विचारलं, "आन् ही चिप मोडली तर?"

"तर विषय बदलायचा."

त्यांनी हुरड्याची मूठ माझ्या हातावर ओतली. सकाळी निघताना बघते तर ते माझ्या आधी मोटारसायकल पुसून तयार. "मी येतो. यष्टीत धक्के लई बसतात," म्हणाले.

गुरुवार, शेंद्रा

शेंद्र्याला माझा एमएस्सीचा वर्गमित्र अंकुश एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं औषधं वाळवायच्या, हवा काढलेल्या भट्ट्या बनतात. त्यामुळं चांगले पंप आहेत. शुक्रवारी त्यांची सुट्टी असते. मालकांनी त्याला सांगितलं होतं, "लावा पंप, पण मोडू नका."

"एवढा मोठा पंप आन् एवढुशी चिमणी," टोपी पंपाला जोडताना अंकुश म्हणाला. "मने, हे म्हणजे ट्रकला बैल जुंपल्यासारखं झालं."

"बैलाला ट्रक जुंपल्यासारखं," आबांनी दुरुस्ती केली.

रुबिडियम मी एका धातूच्या पट्टीत बंद करून आणलं होतं. ती पट्टी हवेत निपचित असते. वीज सोडून तापवली की मगच धातू बाहेर सोडते. ती मानेच्या वरच्या फुगीर भागात बसवली, दोन्ही टोप्या एकामागून एक तपासल्या, गळती नव्हती. पंप चालू केला. आता उद्यापर्यंत वाट बघणं एवढंच काम.

अंकुशचं घर गावातच, कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. त्याच्या आईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. बाजूच्या शेतात तूर उभी होती आणि तुरीपलीकडं कारखान्याची निळी भिंत. अंकुशचे वडील सकाळी तुरीत असतात आणि दुपारी दोनला कारखान्याच्या गेटवर पहारेकरी म्हणून बसतात. आबांना हे फार नवलाचं वाटलं. "म्हंजी स्वतःच्या शेताकडं खुर्ची टाकून बघायचं, आन् वर पगार," ते म्हणाले.

शुक्रवार, शेंद्रा

दहा वाजता अंकुश मान बंद करायला येणाऱ्या चाचांना बसथांब्यावरून घेऊन आला. चाचांच्या पिशवीत बर्नर, चिमटे आणि पांढऱ्या दोराचं एक वेटोळं. ज्योतीपासून खालचा भाग वाचवायला ते हाच दोर गुंडाळत आले होते.

अंकुशनं दोर हातात घेऊन बघितला. "चाचा, हे ॲस्बेस्टॉस हाय. आत नाय चालायचं. याचे तंतू फुफ्फुसात जातात."

"चालीस साल से वापरतोय."

"म्हणूनच खोकताय का?"

चाचांनी त्याच्याकडं रोखून बघितलं, एकदा खरोखरच खोकले आणि दोर पिशवीत ठेवला. "ठीक. गीला कपडा दे."

आधी सरावाची टोपी घेतली. सुती फडकं ओलं करून तिला गुंडाळलं. चाचांनी ज्योत लावली. मान लाल झाली, आणि तेवढ्यात फडक्याची वरची कड वाळून धुमसायला लागली. अंकुशनं पाणी शिंपडलं. टक्क असा बारीक आवाज झाला. डिंकाचा जोड सुटला होता. अगदी बंगळूरसारखा.

आता खेळायला काही उरलं नव्हतं. पंपावर एकच टोपी होती आणि तिच्याखाली माझी चौथी चिप. मी म्हणाले, "आज नको. दुसरं काहीतरी शोधू." पण उद्यापासून कारखाना चालू होणार आणि पंप मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आबा दाराशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "मी बोललो तर चालंल का?"

"बोला ना," चाचा म्हणाले.

"लोकर पेटत नाय." त्यांनी घोंगडीचं एक टोक पुढं केलं. त्याला रुपयाएवढं भोक होतं. "आगटीतला निखारा पडला होता. भोक पडलं, पण जाळ नाय झाला. आन् पाणी तर लई धरती. भिजली की उचलत नाय."

चाचांनी त्या भोकाशेजारचा एक धागा उपटून ज्योतीत धरला. केस जळाल्याचा वास आला, धागा आक्रसला आणि ज्योतीबाहेर काढताच विझला. दुसऱ्यांदा करून बघितलं. तेच झालं.

"बाल है ना," चाचा म्हणाले. "इसकू शरम है."

मग सगळे आबांकडं बघायला लागले. ती घोंगडी आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. विणणारे म्हातारे आता राहिले नाहीत. मी लहान असताना तिच्यावर पाय पडला तरी पाठीत धपाटा बसायचा. मी म्हणाले, "आबा, राहू द्या. मी जुनं ब्लँकेट आणते कुठूनतरी."

"ब्लँकेट कशाचं असतं ते देव जाणे," आबा म्हणाले. त्यांनी घोंगडी मांडीवर पसरली, हातानं सारखी केली. "कोपऱ्यातून घेतो. मधून नको." अंकुशची कात्री घेऊन त्यांनी स्वतःच हातभर लांब पट्टी कापली. दुसऱ्याच्या हातात कात्री दिली नाही.

चाचांनी पट्टी भिजवून एका साध्या नळीला गुंडाळली, वरून ज्योत धरली आणि पट्टीखाली स्वतःचं बोट लावलं. काच लाल झाली, वितळून लोंबायला लागली, बोट तसंच. "ठंडी है," ते म्हणाले. "मेरे उंगली से भारी थर्मामीटर तुम्हारे बंगलोर में नहीं."

मी रुबिडियमच्या धातूच्या पट्टीत वीज सोडली. फुगीर भागात आतून आरशासारखा चकचकीत थर धरला. चाचांनी लांबून, मायेनं ज्योत फिरवत तो थर मानेतून खाली हाकलला, कळप खिंडीतून काढावा तसा. चिपच्या टोपीत चांदीचे दोन-तीन कण दिसले. मी लोकर बादलीत बुडवून टोपीला गुंडाळली.

"एक विचारू?" आबा म्हणाले. "हा धातू पाण्यात पेटतो म्हणली होतीस ना? आन् तूच वली घोंगडी गुंडाळती?"

"काच फुटली नाही तर काही होत नाही."

"आन् फुटली तर?"

"मग पेटेल. अगदी जरासा."

आबांनी एक पाऊल मागं घेतलं आणि मग परत पुढं येऊन उभे राहिले.

चाचांनी डावा हात वर केला. ज्योत मानेला लागली. मान लाल झाली, मग पिवळसर, मग आतल्या आत मिटत गेली. चाचांनी हलकेच वर ओढलं. दोर ताणावा तशी काच ताणली, बारीक झाली आणि सुटली. खाली टोपीवर वाटाण्याएवढं गोल टोक राहिलं. त्यांनी ज्योत विझवली. आत चांदीचे कण तसेच चकाकत होते.

"सो गई," चाचा म्हणाले.

तासाभरानं मी लोकर सोडली आणि भिंग डोळ्याला लावलं. जोड शाबूत होता. पण चिपच्या ज्या कडेतून प्रकाश आत जातो, त्या कडेवर पांढरे ठिपके होते. मी लोकर बादलीतल्या पाण्यात बुडवली होती. बोअरच्या. पिशवीत शुद्ध पाण्याची बाटली होती, ती तशीच भरलेली. गरम काच, वाळतं पाणी आणि त्याचा राहिलेला क्षार. मायच्या हंड्यावर असतो तोच. त्याच पाण्यावर वाढलेली मी, आणि मलाच ते सुचलं नाही.

"मीच केलं," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी वाचवली आणि मी घालवली."

"गप गं," अंकुश म्हणाला. "भट्टीच्या नळ्यांचा क्षार काढायचं आमचं ॲसिड हाय, आणू का?"

"नक्को," चाचा म्हणाले. "वो काँच का मुँह ओरबाडेगा. मैं कंडेन्सर कू सिरका लगाता. पाणी घालून."

मला मायची चिंच आठवली. क्षाराला आंबटच लागतं, तेही सौम्य. चिंचेत गर असतो, सिरका स्वच्छ. पण सिरका, म्हणजे व्हिनेगर, कुठून आणायचा? अंकुश चौकातल्या चायनीजच्या गाड्यावर गेला आणि अर्धी बाटली व्हिनेगर घेऊन आला. "गाडीवाला म्हणला, सोया सॉस पण घेऊन जा," त्यानं सांगितलं. माझ्या बाटलीतल्या शुद्ध पाण्यात मी थेंब थेंब व्हिनेगर मिसळलं, भिंगाच्या मऊ कागदाची सुरळी केली आणि कडेला नुसती टेकवली, उचलली, टेकवली. घासलं नाही. वीसेक वेळा. मग उरलेल्या शुद्ध पाण्यानं धुतलं. बाटली संपल्यावर अंकुशनं गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, त्यानं पुन्हा धुतलं.

ठिपके दिसेनासे झाले. पण भिंगाला न दिसणारा ओरखडाही प्रकाशाला अडवतो. ते बंगळूरला प्रकाश सोडल्याशिवाय कळणार नव्हतं.

निघताना मी चाचांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदे धरून उभं केलं. "चली तो फोन कर. नहीं चली तो भी कर. मान फिर बनाएंगे."

"चिप नाही दुसरी, चाचा."

"तो चिप भी बनेगी. आदमी ने ही बनाई ना?"

मंगळवार, बंगळूर

परतीच्या प्रवासात पुन्हा डबा मांडीवर होता. या वेळी कुणी लाडूंचं विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी सर, मी आणि आमच्या प्रयोगशाळेतली एक तमिळ मैत्रीण, असे तिघं होतो. पहिला लाल प्रकाश चिपच्या कडेला लावला आणि दुसऱ्या टोकाला बघितलं. आकडा शून्याशी घुटमळला. मी कड केसभर सरकवली. आकडा चढायला लागला. आधीच्या चिपपेक्षा कमीच होता, व्हिनेगरनं किंवा माझ्या घाईनं काहीतरी घेतलं होतं. पण पुरेसा होता.

मग टोपी हळूहळू तापवली, म्हणजे आतल्या कणांची वाफ व्हावी. दुसरा लाल प्रकाश सोडला. त्याचा रंग अगदी योग्य जागी आणावा लागतो, रेडिओवर स्टेशन लावतात तसा. मी रंग जुळवायची मूठ फिरवत होते. सरांनी दिवे मालवले. मैत्रीण तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थनाच असावी.

चिपच्या त्या बारीक वाटेवर निळी रेघ उमटली. राईच्या दाण्याएवढी लांब. मूठ जरा फिरवली की विझायची, परत आणली की पेटायची. कॅमेऱ्याची गरज नव्हती. नुसत्या डोळ्यांना दिसत होती. जवसाच्या फुलाचा रंग असतो, तसा रंग.

सर बराच वेळ बघत राहिले. मग दिवे लावून त्यांनी टोपीवरचं ते वाटाण्याएवढं टोक निरखलं आणि विचारलं, "ही मान बंद कशी केली? आच खाली कशी गेली नाही?"

मी पिशवीतून लोकरीची पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिला अजून मेंढरांचा आणि धुराचा वास होता. सर हातमोजे घालून ती उचलणार होते, मग त्यांनी हातमोजे काढले. "असं आणखी मिळेल?" त्यांनी विचारलं. ती पट्टी आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, चिमट्यांच्या खणात असते. पुढच्या खेपेला आणखी चिप मागवायचं ठरलं आहे. माना खुलताबादहून येतील. चाचांना मी फोन केला तेव्हा ते फक्त 'हौ' म्हणाले, आणि मग चाचींना हाक मारताना त्यांचा आवाज घरभर घुमला.

घरी फोन लावला तेव्हा आबा बाजारात गेलेले होते. मायला मी निळ्या रेघेचा फोटो पाठवला. तिनं तो बघितला, कोंबड्यांना दाखवल्यासारखा इकडं तिकडं फिरवला, असं तिनंच सांगितलं.

"आबांना सांग, सर लोकर मागतायत म्हणावं."

"सांगते. पण तू जरा त्यांना समजाव," माय म्हणाली. "त्या घोंगडीचा कोपरा गेलाय तिथून धागे निघायला लागलेत. म्हणलं, द्या, शिवून देते. तर शिवू देईनात. तशीच खांद्यावर टाकून बाजारात जातात. कुणी विचारलं, आबा, घोंगडी का वो कापली, की उभं राहून सांगत बसतात."

"काय सांगतात?"

"म्हणतात, एक कोपरा बंगळूरला शिकायला गेलाय."